पाऊण आणि अर्धा मिळून सव्वा: गणितातून मन उठलेल्या एका मुलीचे प्रकरण

"तिला गणितात इंटरेस्टच राहिला नाही." पालकसभेत हे वाक्य साधारण सहावीच्या दुसऱ्या सत्रापासून कानावर पडू लागते. चौथीपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारी मुलगी सातवीत गणिताची वही काढायची म्हटली की पाणी प्यायला उठते. मधल्या तीन वर्षांत काय झाले, हे घरात आणि शाळेत कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यामुळे दोष जातो मोबाइलवर, वयावर किंवा मुलीच्या स्वभावावर.

हे प्रकरण अशाच एका सातवीतल्या मुलीचे आहे. मुलगी, तिचे घर आणि तिचे गुण अभ्यासासाठी रचलेले आहेत. तिच्या वहीतल्या चुका मात्र कुठल्याही सेमी इंग्रजी तुकडीत दहा वह्या चाळल्या तर सापडतील.

तक्रार

निमशहरी भागातली अनुदानित शाळा. चौथीपर्यंत सगळे विषय मराठीतून, पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. (सेमी कधी सुरू होते हे शाळेगणिक बदलते. कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून, कुठे थेट आठवीत.) गणिताचे गुण चौथीत नव्वदीच्या घरात, पाचवीत ७८, सहावीत ५९, आणि सातवीच्या पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ६. मराठी आणि इतिहासाचे गुण जिथल्या तिथे आहेत, गोष्टीची पुस्तके हातातून सुटत नाहीत. म्हणजे अभ्यासातूनच लक्ष उडाले आहे, असे नाही.

आई सांगते, गृहपाठात गणित सगळ्यात शेवटी निघते. वही पूर्ण असते, पण चाचणीत काही येत नाही. चाचणीच्या सकाळी हमखास पोट दुखते. बाबांच्या मते सगळे त्या मोबाइलमुळे. गणिताच्या सरांना तिचा काही त्रास नाही, मुलगी शांत आहे. फळ्याजवळ बोलावले की खडू हातात घेऊन उभी राहते, एवढेच. मुलीचे म्हणणे दोन शब्दांत संपते: "बोअर होतं."

या "बोअर"वर लगेच विश्वास ठेवू नये. फार सोपे असले तरी कंटाळा येतो आणि काहीच कळेनासे झाले तरी येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय बारा वर्षांच्या मुलीला "मला समजत नाही" म्हणण्यापेक्षा "मला आवडत नाही" म्हणणे केव्हाही सोपे. न आवडणे ही आपली निवड असते, न समजण्यात फजिती असते.

वही काय सांगते

वही सुबक आहे. समास आखलेला, उत्तराखाली दोन रेघा, जवळपास प्रत्येक पानावर लाल टिक. तक्रारीशी हे जुळत नाही, म्हणून तीन गोष्टी पाहायच्या.

वर्गपाठात चूक एकही नाही, कारण तो फळ्यावरून उतरवलेला आहे. गृहपाठात उदाहरणसंग्रहातली पहिली सात-आठ उदाहरणे बरोबर आहेत, कारण ती सोडवून दाखवलेल्या नमुन्यात नुसते आकडे बदलून होतात. जिथे उदाहरणाचा प्रकार बदलतो, तिथून पुढे एक तर जागा कोरी आहे किंवा मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिलेले आहे. ते गाइडमधून किंवा पुस्तकाच्या मागच्या उत्तरसूचीतून आले आहे. तिसरी खूण खाडाखोडीची. रबराने कागद विरळ झालेल्या जागा बहुतेक सगळ्या अपूर्णांकांपाशी आहेत. नफा-तोटा, शेकडेवारी, समीकरणे, प्रकरण कोणतेही असो, आडवी रेघ आली की खाडाखोड सुरू होते.

तीन वर्षे प्रत्येक पानावर टिक पडत गेली. ती टिक वही पूर्ण असल्याची होती. गणित कळल्याची आहे, असा समज घरी झाला.

बारा प्रश्नांची तपासणी

सातवीच्या मुलीला सातवीच्याच प्रश्नांनी तपासले, तर सगळेच चुकलेले दिसते आणि हाती काही लागत नाही. तपासणी खालून वर करायची. तिसरी ते सहावीच्या अभ्यासातले बारा प्रश्न घ्यायचे, दोन बैठकांत, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांत. घड्याळ समोर नको. प्रत्येक उत्तरानंतर "कसं काढलंस?" हे विचारायचेच, उत्तर बरोबर असले तरीही. फक्त चुकल्यावर विचारले, तर "कसं काढलंस?" म्हणजे "चुकलंय" हे मुलांना तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळते आणि ती तोंड मिटतात.

पूर्ण संख्यांच्या तीन प्रश्नांपैकी दोन बरोबर आले. हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, दोन्ही जमले. ही साधी बाब नाही. शाळकरी मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना असा भागाकार करता आला. म्हणजे पाया पक्का आहे आणि भेग त्याच्या वर कुठेतरी आहे. तिसऱ्यात, गुणाकारात, मात्र ४९ च्या जागी ५९ लिहिले गेले. मनात "एकोणपन्नास" आले, कानात "पन्नास" उरले.

पुढे घसरण सुरू होते. १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता? "१/४, कारण चार मोठे." ० ते २ अशी संख्यारेषा देऊन ३/४ दाखवायला सांगितले, तर खूण दीडवर केली. अख्खी रेघ हाच तिचा 'एक' होता. १/२ + १/३ चे उत्तर २/५. ०.३५ आणि ०.८ यांत मोठा ०.३५, कारण पस्तीस हे आठापेक्षा मोठे. ७ ÷ १/२ चे उत्तर साडेतीन, कारण "भागल्यावर कमीच होतं ना".

१२/१३ + ७/८ चे उत्तर १, २, १९ आणि २१ यांपैकी कशाच्या सर्वांत जवळ आहे, याला तिने १९ म्हटले. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, म्हणून उत्तर २ च्या आसपास. ही चूक तिची एकटीची नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत हाच प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांना विचारला होता. बरोबर उत्तर दिले फक्त २४ टक्क्यांनी, आणि १९ व २१ हे दोन्ही पर्याय त्याहून जास्त मुलांनी निवडले.

शाब्दिक उदाहरण असे होते: रमेशकडे १२ गोट्या आहेत, त्या सुरेशच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत, तर सुरेशकडे किती? तिने १७ लिहिले. "जास्त आलं की बेरीज" हे तिला पाचवीत शिष्यवृत्तीच्या जादा तासाला शिकवलेले. अशा खुणेच्या शब्दांनी बरीच उदाहरणे सुटतात, आणि म्हणूनच ते घातक असतात. इतक्या वेळा यश मिळाल्यावर वाक्य वाचायची गरज उरत नाही.

शेवटचा प्रश्न तोंडी होता. "पाऊण किलो साखर आणि अर्धा किलो साखर, मिळून किती?"

"सव्वा किलो." एक क्षणही लागला नाही.

"आता हेच कागदावर लिही." तिने लिहिले: ३/४ + १/२ = ४/६. दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवून विचारले, यांतले बरोबर कोणते? ती म्हणाली, "दुकानात सव्वा. गणितात चार छेद सहा."

सगळे प्रकरण या एका उत्तरात आहे. मुलीला अपूर्णांक येतात. आडव्या रेघेच्या वर-खाली लिहिलेले दोन आकडे म्हणजे तेच अपूर्णांक, हे तिला कुणी सांगितलेले नाही. निदान ती ऐकेल अशा रीतीने तरी नाही.

पाऊण कुठे हरवला

मराठी घरात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच ही नावे पाचवीच्या कितीतरी आधी कानी पडतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत; औट म्हणजे साडेतीन. ते पाढे परत आणा असे कुणी सुचवले तर ऐकू नये, पाठांतराने हे प्रकरण सुटणारे नाही. पण ही नावे मुलाच्या गाठीशी असतात आणि पाचवीचा वर्ग त्यांना हात न लावता पुढे जातो, हे खरे.

वर्गात ३/४ वाचले जाते "तीन छेद चार". सेमीत ते "थ्री अपॉन फोर" होते. दोन्ही वाचनांत संख्या कुठे नाहीच; वर काय लिहिले आणि खाली काय लिहिले, एवढेच ते सांगते. "तीन चतुर्थांश" म्हटले तर चतुर्थांश नावाचे तीन तुकडे डोळ्यांपुढे येतात. कोरियन भाषेत हाच अपूर्णांक "चार भागांतले तीन" अशा शब्दक्रमाने बोलतात, तिथे छेदाचा अर्थ नावातच येऊन बसतो. आपल्याकडेही "चार भागांपैकी तीन" असे वाचायला कुणाची हरकत नाही. ते वाचन लांब पडते, म्हणून मागे पडले असावे.

दशांशाची गोष्ट अशीच आहे. ०.३५ हे "पॉइंट पस्तीस" असे वाचले, की पस्तीस विरुद्ध आठ ही तुलना आपोआप होते. "तीन दशांश पाच शतांश" किंवा निदान "पॉइंट तीन पाच" म्हटले तर होत नाही. त्यात रुपयांची भर पडते. ३.५० रुपये म्हणजे तीन रुपये पन्नास पैसे, मग ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, असे तिचे गणित आहे. पैसा हे दशांश शिकवायचे वाईट साधन आहे. रुपये आणि पैसे ही तिच्या डोक्यात दोन वेगळी नाणी आहेत, आणि त्यांतले एक तर तिने वापरलेलेही नाही.

इंग्रजीकडे जाताना आणखी एक खड्डा लागतो. "क्षमधून ५ वजा करा" या मराठी वाक्यात शब्द ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने चिन्हे येतात: क्ष − ५. "सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम क्ष" मध्ये ५ आधी येतो आणि मुलगी ५ − क्ष लिहिते. सर त्याला बीजगणितातली चूक समजून गुण कापतात. चूक वाक्यरचनेची असते. घरी आईला सातवीपर्यंतचे गणित येते, पण ती म्हणते "लसावि काढ", मुलगी म्हणते "लसावि काय असतं?" आणि दोघींना एकच रीत येत असूनही संभाषण तिथेच संपते. एलसीएम म्हणजेच लसावि, हे घरात कुणी कुणाला सांगितलेले नाही.

एकोणपन्नासचा घोटाळा मात्र मूळ कारणांत धरलेला नाही. मराठीत एकवीस ते नव्याण्णवपर्यंत एकक आधी ऐकू येतो, आणि एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढचा दशक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" असे वाचन दिले, तेव्हा मोठा गदारोळ झाला, विधिमंडळातही तो गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे मुलांच्या सोयीसाठी असल्याचे वारंवार सांगितले, पण चेष्टेच्या आवाजात ते बुडाले. अडचण खरी होती. या मुलीच्या बाबतीत ती एखाद-दुसरा गुण घालवते, मन उडवत नाही.

न कळण्यापासून न आवडण्यापर्यंत

पाचवीत अपूर्णांक चुकले म्हणून सातवीत अख्खा विषय का नकोसा व्हावा? कारण सहावीपासून अपूर्णांक हे एक प्रकरण राहत नाहीत, त्यांचा रस्ता होतो. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरळव्याज, परिमेय संख्या, बैजिक राशी, सगळे त्याच रस्त्याने येते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. दहाव्या-अकराव्या वर्षीची अपूर्णांक आणि भागाकाराची समज पाहिली, की माध्यमिक शाळेतल्या गणिताचा अंदाज बांधता येत होता. बुद्ध्यंक आणि घरची मिळकत हिशेबात घेतल्यावरही तो टिकत होता.

प्रत्येक नव्या प्रकरणात तीच ठेच लागते, पण मुलीला ती नव्या जागची वाटते. तिच्या लेखी ती व्याजात नापास आहे, शेकडेवारीत नापास आहे, समीकरणांत नापास आहे. बारा वर्षांच्या डोक्याने यातून काढायचा निष्कर्ष एकच: मला गणितच येत नाही. मग पोटदुखी. मार्क अ‍ॅशक्राफ्ट यांच्या प्रयोगांत दिसले की गणिताची धास्ती घेतलेल्या माणसाची कार्यस्मृती, म्हणजे हातचा लक्षात ठेवायची जागा, त्या धास्तीनेच व्यापली जाते. घरी जमलेले उदाहरण चाचणीत जमत नाही, यात आळसाचा संबंध नसतो.

आवडीबद्दलचा गोंधळही इथे दूर करावा लागतो. सुझॅन हिडी आणि ॲन रेनिंजर यांनी २००६ साली आवडीच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या दोन प्रसंगाने जागणाऱ्या आणि प्रसंगाच्या आधाराने टिकणाऱ्या, पुढच्या दोन माणसात रुजणाऱ्या. चौथीतली या मुलीची आवड दुसऱ्या पायरीवर होती. पाढे यायचे, बाई शाबासकी द्यायच्या, म्हणून गणित आवडायचे. आधार गेला तशी आवड गेली. नाहीशी झाली ती रुजलेली गोष्ट नव्हती, त्यामुळे "पूर्वी तर किती आवडायचं" या आठवणीला फारसा अर्थ नाही.

आधी केलेले उपाय

शिकवणी लावली. तिथे शाळेचेच प्रकरण आठ दिवस आधी फळ्यावर सोडवले जाते, म्हणजे उतरवणे दोनदा होऊ लागले. मोबाइलवर गणिताचे ॲप घेतले. त्यात चार पर्याय असतात आणि चुकले तर पुन्हा संधी, तेव्हा ती चौथ्या टिचकीला बरोबर येते आणि ॲप टाळ्या वाजवते.

मग बाबांनी प्रत्येक बरोबर उदाहरणाला दहा रुपये लावले. पहिल्या आठवड्यात वही भरली. दुसऱ्या आठवड्यात ती सोपी उदाहरणे निवडू लागली. तिसऱ्यात "आज पैसे नकोत" म्हणून उठून गेली. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या ५१ मुलांवर केलेला प्रयोग आठवावा. चित्रे काढायची मुळात आवड असलेल्या काही मुलांना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र" असे आधी सांगितले होते. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुले, बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, निम्माच वेळ चित्रांना देत होती. इथे तर मुळात आवडही शिल्लक नव्हती. दहा रुपयांनी एवढेच कळवले, की हे काम पैसे दिल्याशिवाय करण्यासारखे नाही.

नऊ आठवड्यांचे काम

आठवड्यातून पाच दिवस, रोज पंचवीस मिनिटे. वेळ जेवणाआधीची, झोपेच्या तोंडावरची नाही. शिकवणी या काळापुरती बंद. शाळेकडून दोन सवलती मागायच्या: प्रत्येक उदाहरणसंग्रहातली सगळी उदाहरणे न देता प्रकार बदलणारी चारच गृहपाठाला द्यावीत, आणि फळ्यावर अचानक बोलावू नये, कोणते उदाहरण विचारणार ते आदल्या दिवशी सांगावे. मोठ्या वर्गातही सरांना हे जमते, कारण त्यात जादा वेळ जात नाही.

पहिले दोन आठवडे बेरीज-वजाबाकी काहीच नाही. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत अडीच मीटर सुतळी ताणायची. ०, १ आणि २ या खुणा १२० सेंटिमीटर अंतराने करायच्या. १२० हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: अर्धा ६० वर येतो, तृतीयांश ४० वर, पाव ३० वर, षष्ठांश २० वर, अष्टमांश १५ वर, दशांश १२ वर, सगळे पूर्ण सेंटिमीटरमध्ये. बारा कार्डांवर अपूर्णांक लिहायचे, त्यांत ५/४, ४/३, ३/२ आणि १२/१२ हवेतच. मुलीने कपड्यांच्या चिमट्याने कार्ड सुतळीवर अंदाजाने लावायचे आणि मग टेपने मोजायचे. दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त चुकले तर का चुकले ते बोलायचे. कमी चुकले तर पुढचे कार्ड. प्रत्येक कार्ड वाचायचे "चार भागांपैकी तीन, म्हणजे पाऊण" असे.

भाकरीचे तुकडे इथे घ्यायचे नाहीत. पाच चतुर्थांश भाकरी डोळ्यांपुढे येत नाही, गोलाचे तीन सारखे भाग हाताने होत नाहीत, आणि अपूर्णांक म्हणजे नेहमी एकाहून लहान तुकडा असा समज घट्ट होतो. याच मुद्द्यावर मराठी संज्ञा कामाला येते. ५/४ ला इंग्रजीत "इम्प्रॉपर" म्हणतात, म्हणून हा अपूर्णांक चुकीचा असतो असे तिने मनाशी धरले होते. मराठीत तो अंशाधिक. अंश अधिक आहे, एवढेच.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात बेरीज. २४ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद कागदी पट्ट्या कापायच्या, आणि २, ३, ४, ६, ८, १२ भागांच्या घड्या घालायच्या. सुरुवात पावाच्या घराण्यापासून: आधी तोंडाने "पाऊण आणि अर्धा", मग पट्टीवर, मग कागदावर. क्रम उलटा करायचा नाही. त्यानंतर १/२ + १/३. पट्टीवर हे १२ आणि ८ सेंटिमीटर. दोन्ही ज्या एकाच तुकड्याने पूर्ण मोजले जातील असा तुकडा शोध, असे सांगायचे. ती ४ सेंटिमीटरच्या षष्ठांशावर येते: तीन तुकडे आणि दोन तुकडे, मिळून ५/६. लसावि हा शब्द या क्षणी सांगायचा, त्याआधी नाही. शिष्यवृत्तीत शिकलेला तिरकस गुणाकार (एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणणे) या दोन आठवड्यांत बंद, कारण ती तो बेरजेला, तुलनेला, गुणाकारालाही लावते. प्रत्येक उदाहरणाआधी समासात लिहायचे: उत्तर १ पेक्षा कमी की जास्त? या एका सवयीने ४/६ सारखी उत्तरे तिची तिलाच खटकू लागतात.

पाचव्या आठवड्यात दशांश, आणि साधन मीटरपट्टी. ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर, ०.८ मीटर म्हणजे ८०. बोट ठेवून दाखवल्यावर वाद उरत नाही. सहाव्यात भागाकार: ७ लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचे, पिशव्या किती? चौदा. "भागल्यावर कमीच होतं" हा नियम तिथे मोडतो.

सातव्या आठवड्यापासून भाषा. आई आणि मुलीने मिळून चाळीस शब्दांची दोन रकान्यांची यादी करायची: छेद–डिनॉमिनेटर, लसावि–एलसीएम, सहगुणक–कोएफिशियंट, व्यस्त प्रमाण–इन्व्हर्स प्रपोर्शन. रोज तीन शाब्दिक उदाहरणे, पण सोडवायची नाहीत. काय विचारले आहे ते मराठीत सांगायचे आणि चित्र काढायचे. गोट्यांच्या उदाहरणात रमेशची पट्टी लांब आणि सुरेशची आखूड काढली, की १७ येत नाही. नवव्या आठवड्यात वर्गात चालू असलेले प्रकरण.

कुठे बिघडले

तिसऱ्या आठवड्यात बेरजा बरोबर येऊ लागल्या आणि बाबांनी थेट सरळव्याज काढले. दोन दिवसांत पोटदुखी परत आली. उत्तर बरोबर येणे आणि ते स्वतः पडताळता येणे यांत अंतर असते, ते घाईने कापता येत नाही.

"अगं, हे तर पाचवीचं आहे!" हे आत्याचे वाक्य सगळ्यात महाग पडले. मुलगी दोन दिवस सुतळीला हात लावेना. म्हणून पट्ट्या, कार्डे, यादी, कशावरही इयत्ता लिहायची नाही आणि पाचवीचे पुस्तक टेबलावर ठेवायचे नाही. उदाहरणे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यायची.

पाचव्या आठवड्यात शाळेची चाचणी आली आणि २० पैकी ७ गुण मिळाले. हे होणारच होते, कारण चाचणी चालू प्रकरणावर असते आणि काम दोन वर्षे मागे सुरू असते. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले नाही, तर याच टप्प्यावर उपक्रम मोडतो आणि शिकवणी पुन्हा सुरू होते.

नवव्या आठवड्याअखेर

त्याच धर्तीचे, आकडे बदललेले बारा प्रश्न पुन्हा दिले. दहा बरोबर. शाळेच्या पुढच्या चाचणीत २० पैकी ११. बारांतल्या चुकलेल्या दोनांपैकी एक शाब्दिक होता आणि एक "सबट्रॅक्ट फ्रॉम"चा, आणि शाळेत घड्याळ लावले की ती अजून गडबडते. वेळेचा सराव अजून सुरू केलेला नाही. पडताळण्याची सवय मुरायच्या आत घड्याळ आणले, तर ती पुन्हा तिरकस गुणाकाराकडे पळेल.

गणित आवडते का, हे तिला विचारलेले नाही आणि विचारूही नये. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. गृहपाठात गणित आता शेवटी नसते, मधे कुठेतरी असते. उत्तरसूची ती उत्तर काढून झाल्यावर उघडते. एकदा सूचीतले उत्तर आणि तिचे उत्तर जुळले नाही, तेव्हा वीस मिनिटे भांडली. शेवटी दोन्ही एकच निघाले, सूचीत संक्षिप्त रूप दिले होते. सहावीत असे झाले असते तर तिने आपले उत्तर खोडले असते.

सुतळी काढलेली नाही. सातवीत परिमेय संख्या आहेत, म्हणून शून्य मधोमध सरकवून डावीकडे −१ ची खूण केली आहे. पहिल्याच दिवशी तिने −५/४ चे कार्ड −१ आणि ० च्या मधे लावले, टेप धरला, आणि कुणी काही बोलायच्या आत चिमटा काढून घेतला.